नागपूरचं सॉफ्टबॉल-बेसबॉल अंपायर शिबिर: पैसे वसूल झाले ते रविवारच्या भांडणात

आधी रेटिंग सांगून टाकतो. पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन एकट्या रविवार सकाळच्या सत्राचे, बाकी सगळं शिबिर मिळून अर्धा. आयोजकांचं नाव टाकत नाही, नागपुरात सॉफ्टबॉलवाले मोजकेच आहेत, ज्याला जायचं त्याला दोन फोनमध्ये कळेल कोणाचं आहे ते, आणि मला पुढच्या सीझनला ह्याच लोकांसोबत मैदानावर उभं राहायचं आहे.

शिबिर नव्या अंपायरसाठी आहे. म्हणजे कॉलेजपर्यंत खेळलेले, आता नोकरीला लागलेले पण रविवारी मैदान सुटत नाही असे पोट्टे, शाळांचे पीटीचे सर आणि मॅडम, आणि काही पोरी ज्या अजून युनिव्हर्सिटीकडून खेळून राहिल्या आहेत. फी हजाराच्या आत, त्यात दोन्ही दिवसांचा नाश्ता, जेवण, एक टोपी आणि सर्टिफिकेट. नाश्त्याला तर्री पोहे होते आणि तर्री खरंच तर्री होती, लाल पाणी नव्हतं, ह्याचे मार्क वेगळे.

शनिवारचं थोडक्यात सांगतो कारण सांगण्यासारखं फार नाही. उद्घाटन, हारतुरे, पाहुण्यांची भाषणं, ह्यात अर्धी सकाळ गेली. मग नियम. नियमांच्या झेरॉक्स इंग्रजीत, आणि कुठल्या वर्षाच्या आवृत्तीच्या ते पानावर कुठेच नाही, आता सांगा, मैदानावर कोच पहिला प्रश्न हाच विचारतो ना की सर तुम्ही कोणतं पुस्तक वाचून राहिले. मास्क आणि चेस्ट प्रोटेक्टरचे सेट इतके कमी की होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो तिथली पाटी) मागे उभं राहायला रांग लागली, आणि रांगेतले मागचे लोक कंटाळून मोबाईलमध्ये गेले. पोस्टरवर 'बेसबॉल' मोठ्या अक्षरात होतं, प्रत्यक्षात बेसबॉलला संध्याकाळी उरलेला वेळ मिळाला: दोन बेसमधलं अंतर ६० फुटांच्या जागी ९०, पिचिंग ६० फूट ६ इंचांवरून, ७ इनिंगच्या जागी ९, रनरला लीड घेता येते (सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही), आणि बॉक (पिचरने रनरला फसवायला केलेली बेकायदा हालचाल) म्हणजे काय ते दाखवता दाखवता अंधार पडला. फक्त बेसबॉलसाठी येणार असाल तर पैसे वाचवा.

आता रविवार.

सत्राचं नाव छापील वेळापत्रकात भलतंच भारदस्त होतं, पण सगळे त्याला भांडणाचा तास म्हणत होते. घेणारे सर वयाने मोठे, बरीच वर्षं अंपायरिंग केलेले, आवाज बारीक, माईक घ्यायला तयार नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन रकाने काढले. एकावर लिहिलं 'मी काय पाहिलं', दुसऱ्यावर 'नियम काय म्हणतो'. आणि मग ते एकेक प्रसंग सांगत गेले, आम्ही ओरडून सांगायचं कुठला रकाना. फर्स्ट बेसला सेफ की आऊट? पहिला. बॉल (स्ट्राईक झोनच्या बाहेर गेलेला) की स्ट्राईक? पहिला. फेअर की फाऊल? पहिला. इनफिल्ड फ्लाय पुकारला, शॉर्टस्टॉपच्या हातून बॉल पडला, बॅटर आऊट की नाही? दुसरा. (आऊटच आहे. फर्स्ट आणि सेकंडवर रनर किंवा तिन्ही बेस भरलेले, दोनपेक्षा कमी आऊट, आणि इनफिल्डरला सहज झेलता येईल असा फ्लाय, म्हणजे उंच उडालेला बॉल. झेल मुद्दाम टाकून स्वस्तात डबल प्ले (एकाच खेळीत दोन आऊट) करता येऊ नये म्हणून तो नियम आहे.)

पहिल्या रकान्यातल्या गोष्टीवर अपील नाही, प्रोटेस्ट (औपचारिक हरकत) नाही, तो अंपायरचा डोळा. दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टीवर मात्र कोचला विचारायचा पूर्ण हक्क आहे, आणि उत्तर पटलं नाही तर पुढचा बॉल टाकायच्या आधी प्रोटेस्ट नोंदवायचाही. नव्या अंपायरचं कुठे फिसकटतं तर तो दुसऱ्या रकान्यातल्या प्रश्नाला पहिल्या रकान्यातलं उत्तर देतो. कोच विचारतो, सर, फर्स्ट बेसवर रनर होता, एकच आऊट होता, मग कॅचरच्या हातून तिसरा स्ट्राईक सुटला तरी बॅटरला पळू कसं दिलं? आणि आपला भाऊ छाती काढून म्हणतो, पंचांचा निर्णय अंतिम. अरे पण तो बरोबर बोलून राहिला ना! फर्स्ट बेस रिकामा असेल किंवा दोन आऊट झालेले असतील तरच कॅचरने सोडलेल्या तिसऱ्या स्ट्राईकवर बॅटरला पळता येतं, नाहीतर तो आऊट. असं कुठे अडकलं की थांबायचं, जोडीदाराला बोलवायचं, लोकांपासून लांब जाऊन दोघांनी बोलायचं, आणि नियम लावून खेळ जिथे असायला पाहिजे तिथे आणून ठेवायचा. त्यात कमीपणा काही नाही.

इथे सरांनी जॉर्ज ब्रेटचा किस्सा सांगितला, बेसबॉलवाल्यांना माहीत असेल. २४ जुलै १९८३, न्यूयॉर्क, कॅन्सस सिटीच्या ब्रेटने नवव्या इनिंगमध्ये होमरन मारला, समोरच्या मॅनेजरने तक्रार केली की बॅटवर पाईन टार (पकड घट्ट व्हावी म्हणून लावतात ते चिकट डांबर) मुठीपासून १८ इंचांच्या वर लावलंय, अंपायरांनी बॅट मोजून ब्रेटला आऊट दिलं आणि तो डगआऊटमधून जो धावत आला ते फुटेज आजही फिरतं. कॅन्सस सिटीने प्रोटेस्ट केला आणि लीगच्या अध्यक्षांनी तो मान्य केला, बॅट नियमाबाहेर होती पण त्याची शिक्षा आऊट नव्हे म्हणून, आणि १८ ऑगस्टला मॅच तिथूनच पुढे खेळवली. दुसरा रकाना.

मग लगेच त्याच्या उलट. २ जून २०१०, डेट्रॉईट, पिचर आर्मांडो गॅलारागाच्या परफेक्ट गेमला (समोरचा एकही बॅटर बेसवर पोहोचू न देणं) एक आऊट बाकी, फर्स्ट बेसला अंपायर जिम जॉईसने सेफ दिलं. रिप्लेमध्ये स्वच्छ आऊट. जॉईसने नंतर स्वतः बघून चूक कबूल केली, पण कॉल तसाच राहिला, कमिशनरनेही बदलला नाही, कारण तो पहिला रकाना. दुसऱ्या दिवशी लाईनअप कार्ड (टीमची यादी) घेऊन गॅलारागाच होम प्लेटपाशी आला आणि जॉईसचे डोळे भरले. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) असे कॉल रिप्लेवर तपासायची सोय २०१४ पासून आली, आणि बॉल-स्ट्राईकला चॅलेंज तर थेट २०२६ च्या सीझनपासून. म्हणजे तिथेसुद्धा व्हिडिओ आला तो नियमात लिहून आला. आपल्या आंतरशालेय मॅचमध्ये बॅकस्टॉपच्या जाळीमागून एखादे पप्पा मोबाईल नाचवत येतात, सर हे बघा ना, झूम करून बघा. बघायचं नाही. हात जोडायचे आणि पुढचा बॉल. एकदा का एका पालकाचा मोबाईल पाहिला की मग दुसऱ्या बाजूच्याही पप्पांकडे मोबाईल असतोच.

ह्यानंतरचा भाग म्हणजे खरी मजा. आमच्यातला एक प्लेट अंपायर, एक बेस अंपायर, बाकीचे खेळाडू, आणि दोन जुने कोच खास भांडायला बोलावलेले. ते दोघं इतकं मनापासून भांडले की शेजारच्या नेटमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघायला आली. नियम दोनच, आवाज चढवायचा नाही, आणि कोचने प्रश्न विचारला तरच उत्तर द्यायचं. "सर काहीही देऊन राहिले!" हा प्रश्न नाही, त्याला उत्तर नाही. "सर, तिचा पाय बेसवरून उचलला होता का?" हा प्रश्न आहे, ह्याला एका वाक्यात उत्तर, माझ्या जागेवरून पाय बेसवर दिसला. बस. दुसरं वाक्य बोललात की त्यातून कोच तिसरं काढतो, हे आमच्या डोळ्यांसमोर प्रत्येकाच्या बाबतीत होत होतं.

खेळाडूंशी वाद नाहीच. पोरगं बोललं तर कोचला सांगायचं, तुमचा खेळाडू सांभाळा. बोलायला एका वेळी एकच माणूस. घोळका आला तर आपण चार पावलं बाजूला जायचं, कोच आपल्या मागे येतो, घोळका मागे राहतो. कोच परत जायला लागला की शेवटचा शब्द त्याला घेऊ द्यायचा, मागून जायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत कठीण, आमच्यातल्या एका पीटी सरांना शेवटपर्यंत जमलं नाही, शाळेत पोरांवर ओरडायची सवय, ते कोचच्या मागे मागे डगआऊटपर्यंत गेले आणि अख्खं मैदान हसलं.

एक गोष्ट मी कुठल्या व्हिडिओत पाहिली नव्हती. भांडण पेटलं की नागपूरचा माणूस मराठीतून हिंदीत जातो. "सर, जरा ऐका ना"पासून सुरू झालेला कोच तिसऱ्या मिनिटाला "अरे क्या अंपायरिंग कर रहे हो यार" वर येतो, आणि अंपायरही त्याच्यामागे हिंदीत शिरला की तुम्हीचं तू व्हायला वेळ लागत नाही. सर म्हणाले तुम्ही मराठीतच राहा आणि 'तुम्ही'वरच राहा, समोरचा थोड्या वेळाने परत येतो. मला खोटं वाटलं होतं, पण त्या सत्रात दोन-तीनदा तसंच झालं.

आणि आता तो मुद्दा ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो. आपल्याकडे दोनपैकी एका टीमचा कोच हा बऱ्याचदा नव्या अंपायरचा आधीचा कोच असतो. शाळेत त्यानेच ग्लोव्ह हातात दिलेला असतो. मैदानावर गेलं की पोरगं सवयीने वाकून पाया पडतं, आणि ते दुसऱ्या टीमचा कोच बघून राहिला असतो. मॅच सुरू व्हायच्या आधीच त्याचं मत झालं! मग तिसऱ्या इनिंगमध्ये एक क्लोज कॉल त्या सरांच्या बाजूने गेला की झालं, तो बरोबर असला तरी कोणी मानत नाही. ह्यावर सरांचं उत्तर सरळ होतं: मॅचच्या आधी दोन्ही कोचना सारखा नमस्कार, उभ्याने, हात जोडून, पाया पडायचं ते मॅच संपल्यावर, मैदानाच्या बाहेर. आणि जुने सर वाद घालायला आले तर त्यांना 'सर'च म्हणायचं, पण कॉल तोच. "सर, मी आऊट पाहिलं." रोलप्लेमध्ये हे करायला एका पोराला खरंच त्याच्या स्वतःच्या कोचसमोर उभं केलं, त्याच्या तोंडून शब्द फुटेना, आणि शेवटी कोचच वैतागून म्हणाले, अबे बोल ना, मी काय खातो काय तुला! हे शिकवायला नागपूरचंच शिबिर पाहिजे, बाहेरच्या पुस्तकात हे प्रकरण येणारच नाही.

पोरींच्या बाबतीत वेगळाच प्रकार. कोच आला आणि अंपायरला म्हणाला, "बेटा, तुला नाही दिसलं, होतं असं." ओरडला असता तर बरं. आमच्या बॅचमधल्या एका मुलीने फार शांतपणे सांगितलं, मैदानावर मी अंपायर आहे, प्रश्न असेल तर विचारा. टाळ्या पडल्या. जेन पॉवल नावाच्या बाई ९ ऑगस्ट २०२५ ला मेजर लीगच्या सीझनमधल्या मॅचमध्ये अंपायरिंग करणाऱ्या पहिल्या महिला झाल्या, त्या आधी सॉफ्टबॉलच्याच खेळाडू आणि अंपायर, हे सरांनी तिथे सांगितलं. पण त्यानंतर ह्या विषयावर बोलायला वेळच दिला नाही, तो द्यायला हवा होता, कारण शाळांच्या मॅचमध्ये मुलींच्या टीम भरपूर आणि बाई अंपायर फार थोड्या.

बाहेर काढण्याबद्दल, म्हणजे इजेक्शन. आधी दुर्लक्ष, मग तळहात दाखवून 'बस झालं', मग स्पष्ट ताकीद, आणि तरी नाही थांबला तर बाहेर. शिवी अंगावर आली किंवा हात लागला तर पायऱ्या नाहीत, थेट बाहेर. बिल क्लेमची गोष्ट सांगितली, नॅशनल लीगमध्ये १९०५ ते १९४१ अंपायर होते, वाद घालणाऱ्यासमोर बुटाने मातीत रेघ ओढायचे, ओलांडली की बाहेर. ऐकायला भारी वाटतं पण सरांनी लगेच बजावलं की तुम्ही रेघा ओढू नका, दहावीतल्या पोराला रेघ दिसली की तो ओलांडतोच. शेवटचं म्हणजे बाहेर काढल्यावर रिपोर्ट लिहायचा असतो, कोण, कुठली इनिंग, कुठले शब्द, आपण काय केलं. आणि हे शिबिरात फक्त तोंडी सांगितलं! एक रिपोर्ट लिहून घ्यायला काय जात होतं? स्पर्धेची समिती तर त्या कागदावरच निर्णय घेते.

वाद होऊच नये म्हणून काय करायचं हे मात्र छान करून घेतलं, उन्हात घाम काढला. फर्स्ट बेसला थ्रोच्या रेषेला काटकोनात उभं राहायचं, बेसच्या डोक्यावर जायचं नाही. डोळे बॅगवरच्या पायावर, कान ग्लोव्हमध्ये बॉल बसण्याच्या आवाजावर. मग एक क्षण थांबायचं, बॉल हातात पक्का आहे ते बघायचं, मग कॉल. घाईने आऊट दिलं आणि बॉल खाली पडलेला दिसला की त्या मॅचमध्ये पुढचा प्रत्येक कॉल महाग पडतो. इंडिकेटर (बॉल-स्ट्राईक मोजायचा छोटा काउंटर) डाव्या हातात, मास्कसुद्धा डाव्या हाताने काढायचा म्हणजे उजवा हात सिग्नलला मोकळा. ऑब्स्ट्रक्शन (फिल्डरने रनरची वाट अडवणं) झालं तर डावा हात आडवा, मूठ बंद, खेळ चालू द्यायचा. तो हात दिसला की कोच ओरडत नाही, नाही दिसला की सगळं डगआऊट ओरडतं. प्लेट झाडायचा ब्रश निव्वळ मातीसाठी नाही हेही तिथेच कळलं: पिचर आणि बॅटर एकमेकांकडे रागाने बघून राहिले की वेळ मागायची आणि स्वच्छ असलेली प्लेटही सावकाश झाडायची.

प्रेक्षकांचं एक. आपले सगळे पालक क्रिकेटवर वाढलेले. फर्स्ट बेसला फोर्स आऊट (बॉल हातात घेऊन बेसला पाय लावला की पुरे, रनरला शिवावं लागत नाही) दिला की "टॅग केलंच नाही" अशी बोंब, रनर फर्स्ट बेस ओलांडून सरळ पुढे पळाला की "बाहेर गेला, आऊट आऊट", फर्स्टला सरळ पुढे पळालं तर चालतं हे त्यांना माहीत नसतं. फर्स्टचा डबल बेस तर त्यांना कळतच नाही, पांढरा फिल्डरचा आणि बाजूचा संत्री रंगाचा रनरचा, धडक होऊ नये म्हणून. संत्र्याच्या गावात तरी हा बेस लोकांना आपला वाटायला हवा. सर म्हणाले प्रेक्षकांना उत्तर द्यायचं नाही, फारच झालं तर आयोजकांना सांगा. मला हे अपुरं वाटलं. शाळेच्या मैदानावर प्रेक्षक दोरीच्या पलीकडे दहा फुटांवर असतात आणि आयोजक जेवणाच्या पाकिटांच्या मागे. मॅचच्या आधी दोन मिनिटं माईकवर चार नियम मराठीत सांगितले तर निम्मी बोंब कमी होईल, हे मी फीडबॅक फॉर्मवर लिहिलंय, बघू.

बाकी तक्रारी. परीक्षा अगदीच सोपी, जे झोपले होते तेही पास. सर्टिफिकेटवर नावांची स्पेलिंगं चुकली, ती बदलून देऊ म्हणाले. आणि सगळ्यात मोठी, शिबिरानंतर काहीच नाही. जुन्या अंपायरसोबत दोन-चार मॅचला बेसवर उभं करा, मॅच झाल्यावर चुका सांगा, हे कुठल्याही शिबिरात असायला पाहिजे. इथे व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि त्याच्यावर आता रोज गुड मॉर्निंगचे फोटो येऊन राहिले.

सामानाचं सांगतो, कारण ग्रुपवर सगळे तेच विचारतात. टोपी मिळते पण ऊन्हाला पुरत नाही. पाण्याची मोठी बाटली न्या, मैदानावर एकच नळ आहे. इंडिकेटर आधीच ऑनलाईन मागवून घ्या, सीताबर्डीच्या बाजारात खेळाच्या दुकानांत विचारलं तर क्रिकेट अंपायरचा काउंटर काढून दाखवतात. मास्क स्वतःचा असेल तर शनिवारची रांग वाचेल.

पुढची बॅच पावसाळा संपल्यावर आहे म्हणतात. पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा की रविवारचं सत्र तेच सर घेणार का, आणि भांडायला ते दोघं कोच येणार का. हो म्हणाले तर भरा, आणि शनिवारी उद्घाटन आटोपल्यावर पोहोचलात तरी चालेल, फक्त पोहे संपलेले असतील.